'सर्व रहिवाशांनी घरीच थांबावे': आमचं घर कुठलं ते आधी सांगा

मागच्या महिन्यात एका साहेबांच्या घरी एसीचं काम करायला गेलो होतो. साहेब आपलेच, पुण्याकडचे, दोह्यात वीस वर्षं झाली. माणूस चांगला. चहा दिला, गाव विचारलं. बोलता बोलता कोरोनाचा विषय निघाला. म्हणाले, "काही म्हणा, इथल्या सरकारने तेव्हा काम मात्र चोख केलं. रोज अपडेट. किती रुग्ण, काय चालू, काय बंद, सगळं मोबाइलवर. माणसाला आणखी काय पाहिजे?"

मी काही बोललो नाही. हातात फिल्टर होता, तो धुवायला बाल्कनीत गेलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. असं बोलणारे ते एकटे नाहीत. हल्ली कुणीही असंच बोलतो. आपल्या कॅम्पात नव्याने आलेली पोरंसुद्धा तेच ऐकून येतात आणि खरं मानतात. म्हणून साहेबांना जे उत्तर द्यायचं राहिलं ते इथे लिहितो.

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांच्या बाजूने ते सगळं खरंच होतं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांना कळलं, मुलं घरी बसली. १५ मार्चला बस आणि मेट्रो बंद झाल्या, त्यांची गाडी होती. बाहेरून येणारी विमानं बंद झाली, तेही कळलं. प्रत्येक सूचनेच्या सुरुवातीला 'सर्व नागरिक आणि रहिवासी' असं लिहिलेलं असायचं. साहेब रहिवासी होते, त्यामुळे सूचना त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनी ती पाळली.

रहिवासी आम्हीपण होतो. कार्डावर तसं लिहिलेलं आहे. या देशात दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले, त्यातले बहुतेक हाताने काम करणारे. म्हणजे रहिवासी म्हटलं की आधी आपणच यायला हवे. पण सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो रहिवासी होता त्याला दार होतं, स्वतःचा संडास होता, फ्रिज होता, आणि आजारी पडला तर वेगळं झोपायला एक खोली होती. हे मी नुसता राग म्हणून लिहीत नाही. पुढचं वाचा म्हणजे कळेल.

आमचा कॅम्प तेव्हा सनैयात होता. कागदावर तिचं नाव इंडस्ट्रियल एरिया, पण तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा, सनैयाच म्हणेल. १७ मार्च २०२० ला सरकारने सनैयाचा एक मोठा भाग, १ ते ३२ नंबरच्या गल्ल्या, बंद केला. आधी सांगितलं दोन आठवडे. पुढे मुदत वाढत गेली आणि मे महिना उजाडल्यावर टप्प्याटप्प्याने रस्ते उघडायला लागले. हा निर्णय बातम्यांत आला, सरकारी खात्यांच्या पानांवर आला, टीव्हीवर आला. साहेबांनी तो त्याच दिवशी वाचला असणार.

आम्हाला कसं कळलं? आमची बस सुटली नाही. एवढंच. फोरमन म्हणाला, "आज सुट्टी." दुपारी कॅम्प बॉस म्हणाला, "दोन दिवस." संध्याकाळी एक जण बकाल्यातून साबण आणायला गेला आणि परत येऊन म्हणाला, कोपऱ्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या आहेत. आपण आत अडकलो हे आम्हाला त्या साबणाने सांगितलं. खरी मुदत समजली ती माझ्या मेव्हण्याकडून. तो चिपळूणला बसून मोबाइलवर बातमी वाचत होता.

दोन दिवसांनी मेसच्या दारावर इंग्रजीत कागद लागला. घरीच थांबा, एकमेकांपासून अंतर ठेवा, वारंवार हात धुवा, लक्षणं दिसली तर वेगळ्या खोलीत राहा आणि १६००० वर फोन करा. आमच्यातल्या एका शिकलेल्या पोराने तो मोठ्याने वाचून दाखवला. 'वेगळ्या खोलीत राहा' आलं तेव्हा रांगेतली माणसं हसली. आमच्या खोलीत दहा जण होतो. पाच बंक, मधे चालायला दीड हात जागा. खालच्या बंकवरचा माणूस उठून बसला तर वरच्याच्या पलंगाला डोकं लागायचं. अंतर कुठून आणायचं?

आता नीट ऐका. कतारचा नियमच सांगतो की कामगारांच्या एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि माणशी कमीत कमी सहा चौरस मीटर जागा पाहिजे. हा नियम २०१४ चा आहे, कोरोनाच्या सहा वर्षं आधीचा. एकावर एक पलंग तर त्याच्याही आधीपासून नियमात बसत नाहीत. म्हणजे आमच्या खोलीत जे चालू होतं ते सरकारच्या स्वतःच्या कागदावर बेकायदा होतं. मग रोज ज्या सूचना येत होत्या त्यातली एक तरी अशी पाहिजे होती: 'ज्या खोलीत चारपेक्षा जास्त माणसं आहेत तिथली जास्तीची माणसं आठ दिवसांत दुसरीकडे हलवा, नाहीतर कंपनीवर कारवाई.' माझ्यापर्यंत अशी सूचना आली नाही. माझ्यापर्यंत आली ती हात धुण्याची.

बसचं उदाहरण बघा. एप्रिलमध्ये हुकूम निघाला की कामगारांच्या बसमध्ये निम्मीच माणसं बसवायची. चांगला हुकूम होता. बांधकामं चालूच होती, स्टेडियमची कामंही चालू होती, बसमध्ये गर्दी नको हे बरोबरच. सनैयाबाहेरच्या कॅम्पातले आमचे दोस्त सांगायचे, बसमध्ये एका सीटवर एकच माणूस, मधल्या सीटवर फुलीची पट्टी. तासभर असं सोवळ्यात बसून जायचं, आणि संध्याकाळी खोलीत येऊन त्याच माणसाच्या तोंडाशी तोंड लावून झोपायचं. बस रस्त्यावरून जाते, ती साहेबांना दिसते. खोली कुणाला दिसत नाही.

आता अण्णांचं सांगतो. खरं नाव लिहीत नाही, खोलीत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. वय पन्नासच्या पुढे, शटरिंगचे सुतार, गाव कऱ्हाडच्या बाजूला. एप्रिलमध्ये एका रात्री कॅम्पात तपासणीवाले आले, नाकातून नमुने घेतले. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला कॅम्प बॉसने दार वाजवलं, तीन नावं पुकारली, "बॅग घेऊन खाली या." अण्णा झोपेतून उठले, पिशवीत दोन कपडे टाकले, बसमध्ये चढले. कुठे नेताय विचारलं तर उत्तर नाही. आम्ही विचारलं तर "तुम्ही आत जा."

सकाळी बघतो तर अण्णांचा चार्जर भिंतीलाच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद. गावाहून वहिनींचे फोन माझ्याकडे सुरू झाले. आधी दिवसातून दोन, मग पाच, मग रात्री दोनलाही. मी काय सांगणार? कॅम्प बॉसला विचारलं, तो म्हणाला मला माहीत नाही, एचआरला विचार. एचआर फोन उचलेना. हेल्पलाइनला लावला, तर आधी आकडे दाबायचे, मग थांबायचं, मग माणूस आला की तो कार्डाचा नंबर मागायचा, आणि अण्णांचं कार्ड अण्णांच्याच खिशात. वहिनी शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, काय असेल ते खरं सांगा. लपवू नका." मी लपवत नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं.

नऊ दिवस. नऊ दिवस रोज सरकारचा आकडा येत होता. आज इतके नवे रुग्ण, इतके बरे झाले. नव्या रुग्णांत बहुतेक परदेशी कामगार, हेही त्यात असायचं. अण्णा त्या आकड्यात होते. सगळ्या देशाला कळलं की एक अण्णा वाढला, फक्त त्यांच्या बायकोला कळलं नाही की तो कुठे आहे.

दहाव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून त्यांचा कॉल आला. ठीक होते. जेवण चांगलं मिळत होतं, खोलीत दोघंच होते, "आपल्या खोलीपेक्षा बरं आहे रे" म्हणाले. सांगायचं ते हेच. उपचार फुकट होता, चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. इस्पितळातल्या नर्स आणि वॉर्डबॉय, त्यातले कितीतरी आपल्याच देशाचे, त्यांनी जीव तोडून काम केलं. पण एका चिठ्ठीवर ठिकाणाचं नाव, एक फोन नंबर आणि 'साधारण चौदा दिवस' एवढं लिहून त्या बसमध्ये प्रत्येकाच्या हातात दिलं असतं तर काय खर्च आला असता? ज्या देशाने काही दिवसांत इस्पितळं उभी केली त्याला ही चिठ्ठी जमली नसती असं मी मानत नाही. ती सुचली नाही. कारण कामगाराला सांगायचं म्हणजे कंपनीला सांगायचं, असं इथे सगळेच धरून चालतात.

माझा खरा राग इथे आहे, आणि तो फक्त एका देशावर नाही. कुवेतमध्ये त्याच एप्रिलमध्ये जलीब आणि महबूला हे दोन भाग, जिथे आपली माणसं दाटीवाटीने राहतात, सील केले. दुबईत मार्चच्या शेवटी अल रासचा भाग बंद केला. सिंगापूरमध्ये तर सरकारच्या रोजच्या आकड्यांत डॉर्मिटरीतले कामगार वेगळे आणि 'समाजातले' रुग्ण वेगळे मोजायचे. म्हणजे कामगार समाजात धरतच नव्हते. त्यातल्या त्यात तिथे ते लिहून तरी दाखवलं. बाकी ठिकाणी न लिहिता तेच होतं. साहेबांचा नगरसेवक म्हणा, नगरपालिका म्हणा, सरकार म्हणा, त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. आमची नगरपालिका म्हणजे कॅम्प बॉस. तो सांगेल तो नियम, तो सांगेल ती तारीख.

आणि कंपनीला सांगितलं की कामगाराला आपोआप कळतं, हे खोटं आहे. पुरावा देतो. सरकारने जाहीर केलं होतं की विलगीकरणात किंवा उपचारात असलेल्या कामगाराला पूर्ण पगार मिळेल. पगार देता यावेत म्हणून कंपन्यांच्या कर्जांना तीन अब्ज रियालची हमीही दिली. हे दोन्ही मला कधी कळलं? ऑगस्टमध्ये, एका नेपाळी मित्राकडून. कंपनीने या कानाची बातमी त्या कानाला लागू दिली नाही. पण एप्रिलमध्ये दुसरी मुभा निघाली, की काम बंद असलेल्या कंपन्या कामगाराशी बोलून त्याला बिनपगारी रजेवर पाठवू शकतात, किंवा करारातल्या अटी पाळून करार संपवू शकतात. ती मात्र आमच्या मेसमध्ये तीन दिवसांत पोचली. कागदासकट. टेबल मांडलं, रांग लावली, "इधर साइन करो." कागद इंग्रजी आणि अरबीत. 'कामगाराशी बोलून' म्हणजे तेवढं बोलणं. मुभेत हेही होतं की राहायला जागा आणि जेवण कंपनीनेच द्यायचं. ते कुणी वाचून दाखवलं नाही. आमच्यातल्या काहींच्या जेवणाचे पैसे पुढे कापले गेले आणि त्यांनी मुकाट्याने सोसलं, कारण हक्क आहे हेच माहीत नव्हतं.

भाषेबद्दल लोक म्हणतील, सरकारने हिंदी, नेपाळी, मल्याळममध्येही माहिती दिली होती. दिली होती, आणि मराठी माणसाला हिंदी वाचता येतं. मराठीत का नाही म्हणून मी गळा काढणार नाही. सवाल असा आहे की हिंदीत काय दिलं? हात धुवा दिलं, मास्क लावा दिलं. मास्क नसेल तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाख रियालपर्यंत दंड, हे तर सगळ्या भाषांत पोचलं. दोन लाख रियाल! आमच्यातल्या हेल्परने जन्मभर एक पैसा न खाता साठवले तरी होतात का बघा. पगार, जेवण, रजा, परतीचं तिकीट यांचं मात्र जे काही होतं ते कंपनीच्या मेलमध्ये.

मग २२ मेपासून मोबाइलमध्ये एहतेराझ अॅप सक्तीचं झालं. हिरवा रंग असेल तर आत, नसेल तर बाहेर. आमच्या खोलीत तिघांकडे बटणाचे फोन होते. त्यांना बकाल्यात जाता येईना, पैसे पाठवायला जाता येईना. एकाने चारशे रियालचा जुना स्मार्टफोन उधारीवर घेतला, तोही बिनपगारी रजेवर असताना. वर त्याच महिन्यात अॅम्नेस्टीने दाखवून दिलं की त्या अॅपमधल्या त्रुटीमुळे दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती उघडी पडू शकत होती. ती त्रुटी लगेच दुरुस्त केली, हे खरं. पण आमची माहिती सरकारकडे इतकी पक्की होती की आम्ही कुठे उभे आहोत हे त्यांना मिनिटाला कळत होतं. उलट दिशेने मात्र अण्णा कुठे आहेत हे आम्हाला नऊ दिवस कळलं नाही.

माहिती लपवली की माणूस काय समजतो तेही सांगतो. मार्चमध्ये पोलिसांनी काही नेपाळी कामगारांना तपासणीला नेतो असं सांगून पकडलं आणि थेट मायदेशी धाडलं, असं त्यातल्या वीस जणांशी बोलून अॅम्नेस्टीने जाहीर केलं. सरकारचं म्हणणं होतं की ते लोक बेकायदा धंद्यात होते. काय खरं त्याचा निवाडा मी करत नाही. पण ही गोष्ट सनैयाभर पसरली, आणि त्यानंतर ताप आला तरी माणसं सांगेनात. आमच्या शेजारच्या खोलीत एकाने चार दिवस ताप गोळ्या खाऊन लपवला, का तर "तपासणी म्हणजे सरळ विमानात." हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर होता. त्याच्यावर विश्वास नव्हता.

आमचाही दोष होता, तो लपवत नाही. व्हॉट्सअॅपवर आम्ही वाटेल ते पुढे ढकललं. गरम पाण्याने मरतो, कांद्याने मरतो, उन्हात पन्नास डिग्रीला मरतो. मी स्वतः कांद्याचं दहा जणांना पाठवलं होतं. खरी बातमी मिळत नसली की माणूस मिळेल ती बातमी धरतो, पण तरी, लाज वाटते.

त्याच वेळी माझ्या गावात, खेड तालुक्यात, ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरायची. आई फोनवर असताना मला मागे ऐकू यायचं. कुठल्या वाडीने पाणी कधी भरायचं, रेशन कुठल्या दिवशी, मुंबईहून आलेल्यांनी शाळेत राहायचं, त्यांचा डबा कोण पोचवणार, सगळं वाड्यांची नावं घेऊन. गावाने सगळं शहाणपणाने केलं असं नाही. रस्त्यावर झाडं तोडून टाकली, चाकरमान्यांना परक्यासारखं वागवलं, त्यावरून भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. पण सरपंच ज्याला सांगत होता तो समोर राहत होता आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन त्याला शिव्या घालू शकत होता. रेशनचा दिवस चुकला तर माझी आई खरंच गेली होती पंचायतीत. इथे मी कुणाच्या दारात जाणार होतो?

साहेब म्हणतील, शेवटी माणसं तर वाचली ना? वाचली. कतारमध्ये लोकसंख्येच्या मानाने रुग्ण जगात सगळ्यात जास्त असलेल्यांत होते आणि मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्यांत. इस्पितळं चांगली होती हे एक कारण. दुसरं कारण, लागण झाली ती तरण्याताठ्या कामगारांना. २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्याच संशोधकांनी कामगारांच्या दहा वस्त्यांमध्ये रक्त तपासलं, तर निम्म्याहून जास्त माणसांना कोरोना होऊन गेलेला निघाला. म्हणजे जवळपास दर तीन माणसांत दोन. ज्या शहरात खाली राहणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना रोग होऊन जातो, तिथे 'घरीच थांबा' ही सूचना यशस्वी झाली असं कसं म्हणायचं? साहेबांच्या टॉवरमध्ये यशस्वी झाली. आमच्यात रोग थांबला तो सूचनेमुळे नाही, सगळ्यांना होऊन गेला म्हणून.

आणि जूनमध्ये सरकारी खात्यांना सांगण्यात आलं की परदेशी कर्मचाऱ्यांवरचा खर्च तीस टक्के कमी करा. तेव्हा साहेबांनाही थोडं कळलं असेल की रहिवासी शब्दाला किती धार असते.

बदल काहीच झाला नाही असंही नाही. कंपनी बदलायला जुन्या मालकाची परवानगी लागायची, ती अट २०२० मध्येच काढली. मार्च २०२१ पासून कमीत कमी पगार हजार रियाल, आणि कंपनी राहणं-जेवण देत नसेल तर त्याचे पाचशे आणि तीनशे वेगळे. हे मिळालं ते कुणाच्या उपकाराने नाही, जगाचं लक्ष स्टेडियमवर होतं म्हणून आणि आपल्यातले काही जण बोलले म्हणून. पण खोलीत किती माणसं याचा कागद तेव्हा होता तसा आजही आहे, आणि खोल्या आपण रोज बघतोच.

पुढची साथ कोरोनाच असेल असं नाही. पण जे काही येईल तेव्हा मेसच्या दारावर पुन्हा कागद लागेल. तेव्हा आपण काय मागायचं ते आजच ठरवू. विलगीकरणाला नेलं तर ठिकाण लिहून हातात पाहिजे आणि घरच्या एका नंबरवर कळवलं पाहिजे. सही मागितली तर कागदाची प्रत आपल्या भाषेत पाहिजे, आणि वाचायला रात्रभर वेळ. पगाराबद्दल, जेवणाबद्दल सरकार जे कंपनीला सांगेल ते त्याच दिवशी आपल्या फोनवर आलं पाहिजे. आपले नंबर त्यांच्याकडे आहेत, अॅपच्या वेळी एकाचाही चुकला नव्हता. आणि आपल्या वकिलातीनेही तेच करावं. मार्च २०२० मध्ये भारताने विमानं बंद केली, ७ मेपासून सुरू झाली ती तिकीट ज्याचं त्याने काढायचं या अटीवर. पगार नसलेल्या माणसाने तिकीट कशातून काढायचं, आणि अशांसाठीच असलेल्या कल्याण निधीतून मदत कशी मागायची, हे कॅम्पात येऊन सांगणारं कुणी हवं होतं. नुसत्या ऑनलाइन फॉर्मने ते होत नाही.

एक काम मात्र आज करता येईल. २०२० मधले मेसच्या दारावरचे कागद, सही घेतलेले बिनपगारी रजेचे कागद, पगाराच्या स्लिपा, ज्याच्या ज्याच्या मोबाइलात फोटो असतील त्यांनी ते डिलीट करू नका. फोन बदलताना दुसरीकडे उतरवून ठेवा. तारीख दिसत नसेल तर आठवेल तशी लिहून ठेवा. माझ्याकडे सात आहेत. अण्णांकडे एकही नाही, कारण त्यांचा फोन बंद होता. ते २०२२ ला कायमचे गावी गेले. त्यांची मे आणि जूनची पगाराची बाकी अजून आलेली नाही.